राणी पद्मलेखेची गोधडी

एका राज्यात राजे उभे राहून लढत, बसून न्याय करीत, पण उघड्या आभाळाखाली आडवे कधी होत नसत. तिथली रीतच तशी होती. राजा वारला की त्याला महालाच्या गच्चीवर आभाळाखाली एक रात्र निजवीत. पहारेकरी शंख फुंकी. तो शंख ऐकला की राज्यात कुणी दिवा लावीत नसे, चूल पेटवीत नसे. पहाटे शुक्राची चांदणी उगवली की नवा राजा गादीवर बसे आणि मग घरोघरी दिवे लागत. म्हणून जिवंत राजाने गच्चीवर पाठ टेकायची नाही. पहारेकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या एकच हुकूम होता: आभाळाखाली आडवा राजा दिसला की विचारत बसू नकोस, शंख फुंक.

त्या राज्यात उदयभान नावाचा राजा होता. चाळिशी उलटलेला, न्यायी, कामात बुडालेला. त्याची राणी पद्मलेखा. राणीला आभाळाचे वेड होते. ते तिला कुणी शिकवले नव्हते. ती रोज संध्याकाळी गच्चीवर जाई, ओळखीच्या ताऱ्यापासून निघे आणि अनोळखी ताऱ्यापाशी थांबे. त्याची जागा, त्याचा रंग, तो कुठल्या घटकेला कुठे असतो, हे मनाशी घोकत खाली येई. एका रात्री एक तारा ओळखीचा झाला तरी तिला पुरे. घाई म्हणून नव्हती.

गच्चीच्या कोपऱ्यात खडे पसरलेले होते आणि त्या खड्यांवर एक टिटवी राहत असे. टिटवीचे ओरडणे अशुभ म्हणून नोकर तिला हुसकू पाहत, पण राणीने सांगून ठेवले होते, “तो कोपरा झाडायचा नाही.” टिटवी रात्री पाठीवर निजे आणि पाय वर करी. का, ते सगळ्यांना ठाऊकच आहे. आभाळ खाली पडू नये म्हणून.

राणी गच्चीवरून उतरली की राजाला सांगे, “आज तो धूसर ठिपका पुन्हा दिसला. तारा नव्हे, ढग नव्हे. दूध सांडून पुसून घ्यावे आणि थोडे राहून जावे, तसा. माझा फार जीव आहे त्याच्यावर. एकदा गच्चीवर या ना.”

राजा हातातल्या कागदावरून मान न उचलता म्हणे, “येतो, येतो. उद्या.”

अशी नऊ वर्षे गेली.

एकदा कोजागरीच्या रात्री महालाच्या अंगणात दूध आटत होते, दरबार चांदण्यात बसला होता, तेव्हा धूम्रकेश नावाचा मांत्रिक आला. त्याच्या जटांमधून सारखा धूर निघे. राजाने रीतीप्रमाणे त्याला दूध दिले. दूध पिऊन, मिशा पुसून त्याने पूर्वेकडे बोट केले. चंद्राच्या खालच्या अंगाला एक ठळक तेज चमकत होते.

“राजा, हा तारा मी घडवला. आजवर आभाळात नव्हता. याला तुझे नाव देतो. बदल्यात तुझ्या तळघरातला नागमणी दे.”

दरबार वर पाहू लागला. राजाही प्रथमच वर पाहू लागला. नागमणी आणायला माणूस निघणार, इतक्यात राणी हळूच म्हणाली,

“महाराज, हा तर गुरू. गेल्या कोजागरीला रेवतीपाशी होता, यंदा भरणीपाशी आला आहे. तारा लुकलुकतो, हा बघा कसा शांत जळतो. तारा शेजार सोडत नाही, हा वर्षभर चालतो.”

दूध ढवळणारा आचारी मोठ्याने हसला. “मांत्रिकबुवा, थोड्या वेळाने चंद्रसुद्धा मीच घडवला म्हणाल!”

मग सगळेच हसले. धूम्रकेशाच्या जटा काळ्याभोर झाल्या.

मांत्रिकांना दुसऱ्याच्या मनातले दिसते. त्याने राणीच्या मनात पाहिले आणि तिची सगळ्यांत आवडती जागा शोधून काढली. “एका नजरेत सगळे ओळखतेस काय? मग अशी हो, की रोखून पाहणाऱ्याच्या नजरेला दिसणारच नाहीस. ज्या धूसर ठिपक्यावर तुझा जीव आहे, त्यातच जाऊन बस!”

राणीच्या हातातला दुधाचा पेला पाटावर राहिला. राणी नव्हती.

राजाने मांत्रिकाचे मनगट धरले. “उःशाप दे.”

“दिला नसता,” मांत्रिक म्हणाला, “पण तुझ्या घरचे दूध प्यालो आहे. ऐक. तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, तिच्याकडे बोट कर आणि हाक मार. हाका तीन. माघातल्या अमावास्येला ती मावळेल, ती मग पुन्हा उगवायची नाही. त्याच्या आत काय ते कर.”

एवढे बोलून तो धूर होऊन गेला.

राजाने दरबाराला विचारले, “राणीला आवडणारा धूसर ठिपका कोणता?” कुणाला ठाऊक नव्हते. दासींना विचारले, त्यांनाही नाही. राणी त्या ठिपक्याविषयी एकाच माणसाशी बोलत असे, आणि त्या माणसाने ऐकले नव्हते.

पंधरा दिवसांनी आश्विनातली अमावास्या आली. दिवाळी होती. गच्चीच्या कठड्यावर हजार पणत्या जळत होत्या. राजा मुकुट घालून गच्चीवर उभा राहिला आणि डोळे फाडफाडून आभाळ न्याहाळू लागला. पूर्वेला त्याला एक पांढुरका पुंजका दिसला. धीर कसला? त्याने बोट केले आणि दरबारात पुकारा करावा तशी हाक मारली,

“राणी पद्मलेखा, हजर व्हा!”

वरून मुलींचे हसणे ऐकू आले.

“राजा, आम्ही कृत्तिका. एकीलाच हाक मारलीस, आम्ही सहा जणी आहोत.”

“मला तर एकच धूसर ठिपका दिसतो.”

“पणत्यांनी तुझे डोळे दिपले आहेत. दिवे मालव, मग मोज. आणि राजा, राणीला असे हजर व्हायला सांगतात होय?”

एक हाक वाया गेली.

राजाने मग राजज्योतिषी वाचस्पतींना बोलावले. वाचस्पतींना सत्तावीस नक्षत्रे उलटसुलट पाठ होती. मात्र ती त्यांनी पोथीतच पाहिली होती. रात्री बाहेर पडले की त्यांना पडसे होई. राणीच्या दासीने राणीची पेटी उघडून एक गोधडी आणून दिली. जुन्या निळ्या लुगड्याची, दुपदरी, पातळ, उन्हाळ्यात पांघरायची. तिच्यावर चंदेरी दोऱ्याचे टाके होते, शेकडो. कुठे दाभणाने मोठे भोक पाडून भरलेला टाका, कुठे बारीक सुईचा इवलासा.

वाचस्पतींनी ती दरबाराच्या फरशीवर अंथरली, भोवती समया ठेवल्या आणि गुडघ्यांवर बसून पाहिले. “महाराज, हे आभाळ आहे! या कृत्तिका. हा मृग, हे त्याच्या पोटातले तीन ताऱ्यांचे बाण. हा चार ताऱ्यांचा चौकोन म्हणजे भाद्रपदा. पलंगाचे चार खूर म्हणतात त्यांना.” मग ते थबकले. “आणि हा पाहा, लाल दोरा! साऱ्या गोधडीत एकच. पलंगाच्या एका खुरापासून निघतो, दोन ताऱ्यांवरून जातो, तिथे डावीकडे वळतो, दोन लहान ताऱ्यांपाशी पोचतो आणि संपतो.”

“संपतो तिथे काय आहे?”

“काही नाही. कापड विरले आहे.” वाचस्पतींनी बोटाने चाचपले. “शिवण जरा कच्ची आहे, महाराज. साऱ्या गाठी वरच्या बाजूला. नवशिकी पोरसुद्धा गाठ आत लपवते.”

मार्गशीर्षातल्या अमावास्येला राजा पुन्हा गच्चीवर गेला. या वेळी पणत्या नव्हत्या, पण वाचस्पतींना पायऱ्या दिसाव्यात म्हणून चार मशाली होत्या. पलंगाचे चार खूर डोक्यावरून पश्चिमेकडे झुकले होते. राजा खुरापासून निघाला, पहिला तारा, दुसरा तारा, मग डावीकडे वळला. तिथे काळोख होता. काहीच दिसत नव्हते. पण गोधडी राणीची होती आणि राणी कधी चुकत नसे. राजाने त्या काळोखाकडेच बोट केले.

“राणी पद्मलेखा, हजर व्हा!”

बराच वेळ काही झाले नाही. मग फार फार लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा, एक म्हातारा आवाज आला.

“कोण ते? मला हाक मारलीत?”

“तू कोण?” राजाने विचारले.

“मीही एक ठिपकाच. पण इतका फिका, की मला कुणी पाहत नाही. तुमची राणी मी नव्हे, बाबा. ती त्या मधल्या ताऱ्याच्या पलीकडच्या अंगाला कुठेतरी असेल. माझ्यामुळे तुमची हाक वाया गेली. पण हाक मारलीत, बरे वाटले.”

पलीकडचे अंग म्हणजे कोणते, हे विचारीपर्यंत आवाज विझला होता. वाचस्पती शिंकत म्हणाले, “महाराज, गोधडीच चुकीची आहे.” राजाला गोधडी चुकली असे म्हणवेना, आणि बरोबर आहे असेही म्हणवेना. त्याने ती घडी करून पेटीत ठेवली.

त्या रात्री सगळे गेल्यावर राजा एकटाच गच्चीच्या पायरीवर बसून राहिला. मशाली विझल्या. कोपऱ्यातून आवाज आला.

“टिटिव टिव! राजा, आभाळाला हुकूम सोडतोस होय?”

राजा दचकला. “तू बोलतेस?”

“नऊ वर्षे बोलते आहे. राणीशी रोज बोलत असे. तूच गच्चीवर येत नव्हतास.”

“मग तो ठिपका कोणता, ते तुला ठाऊक असेल!”

“मी रात्री पाय वर करून आभाळ पेलून असते. कोण कुठे बोट दाखवते ते बघायला मान वळवली, तर आभाळाचे काय होईल? पण पाहायचे कसे ते शिकवीन. तीन गोष्टी आहेत. तिन्ही राजाला जड जातील.”

“सांग.”

“पहिली. अंधारात दोन घटका नुसते बसायचे. दिवा नाही, मशाल नाही, हुजऱ्याच्या हातातली चिलीमसुद्धा नाही. डोळे अंधाराला सरावले पाहिजेत. मध्येच एक ठिणगी दिसली, तर पुन्हा पहिल्यापासून दोन घटका.”

राजाने महालाचे दिवे मालवायला सांगितले. पहिल्या रात्री एक घटका झाली आणि प्रधान नागदेव हातात कंदील घेऊन धावत आले, “महाराज, अंधार झाला आहे!” टिटवी म्हणाली, “पुन्हा पहिल्यापासून.” दुसऱ्या रात्री हुजऱ्या आला. तिसऱ्या रात्री कुणी आले नाही. दोन घटका सरल्या आणि राजाला वाटले, कुणी आभाळावरची साय बाजूला केली. त्याने कृत्तिका मोजल्या. सहा भरल्या.

“चुकलो होतो,” तो वर पाहून म्हणाला. “सहा जणी आहात.”

“आता कसे!” वरून आवाज आला.

“दुसरी गोष्ट,” टिटवी म्हणाली. “आभाळ हाताने मोजायचे. हात पुरता लांब कर. मूठ मिटलीस तर ती एक मूठ आभाळ. बोट धरलेस तर एक बोट. ओळखीच्या ताऱ्यापासून मुठीमुठीने, बोटाबोटाने जायचे. उडी मारायची नाही.”

राजाला सारे राज्य कोसांनी मोजायची सवय. बोटांनी मोजताना तो वारंवार चुके आणि पुन्हा खुरापासून निघे. पण शिकला. मृगाच्या तीन ताऱ्यांपासून रेघ धरून खाली व्याधापाशी गेला, उलट फिरून रोहिणीपाशी आला. व्याध त्याला म्हणाला, “ये. सगळे माझ्यापासूनच सुरुवात करतात.” तो जरा गर्विष्ठ आहे. पुष्यातले मधाचे पोळे सापडले, त्यातून गुणगुण येत होती. मृगाच्या बाणांखाली एक धूसर जागा सापडली. राजाने बोटही केले नाही, तरी आतून कुणी दटावले, “हळू बोला, इथे नवे तारे निजले आहेत.”

राजा प्रत्येकाला नमस्कार करी आणि पुढे जाई. महिना गेला. कधी कधी तो दरबारात न्याय करताना मध्येच हात लांब करून मूठ मिटी, तेव्हा प्रधान दुसरीकडे पाहत.

“तिसरी गोष्ट कोणती?” त्याने एका रात्री विचारले.

“जे फिके असेल त्याच्याकडे रोखून पाहायचे नाही. त्याच्या शेजारी पाहायचे. लक्ष त्याच्याकडे, नजर शेजाऱ्याकडे. मग ते डोळ्याच्या कडेला येऊन उभे राहते.”

“हे कसले पाहणे? मी राजा आहे. पाहतो ते समोरून पाहतो.”

“लग्नाआधी पाहायचास का समोरून?” टिटवी म्हणाली. “तिच्या मामाच्या घरी पंगत बसली होती. तू पानातल्या लाडवाकडे बघत होतास आणि लक्ष होते वाढणारीकडे. लाडू तसाच राहिला.”

राजाचे कान तापले. “हे तुला कुणी सांगितले?”

“आणखी कोण सांगणार? म्हणायची, ‘तेव्हा त्यांना मी नीट दिसत असे. आता समोरून बघतात आणि भांडाराच्या किल्ल्या विचारतात.’”

त्या रात्री त्याने तिरप्या नजरेने पाहायला सुरुवात केली. त्याला पंगत आठवत राहिली.

पौषातल्या अमावास्येला आभाळ भरून आले. ती रात्र गेली. माघ लागला. राजाला आता अडतीस तारे नावाने ठाऊक होते आणि पाच धूसर ठिपके. पण राणीचा ठिपका कोणता, ते कळत नव्हते. म्हाताऱ्या आवाजाने सांगितलेले पलीकडचे अंगही त्याने धुंडाळले होते. तिथे फार तर दोन बारीक तारे दिसत, पुढे काही नाही. पश्चिमेला बाजारपेठ होती, तिथल्या दिव्यांचा उजेड आभाळाच्या त्या बाजूला चढत असे. पलंगाचे खूर रोज थोडे खाली, त्या उजेडात उतरत होते. हाक एकच उरली होती.

माघातल्या अमावास्येचा दिवस मावळायला आला. थंडी होती. राजाने पेटी उघडून राणीची गोधडी घेतली. पाहायला नव्हे, पांघरायला. तिला राणीच्या हातचा, कापूर आणि लवंगेचा वास होता. ती खांद्यावर घेऊन तो गच्चीवर आला, तोच टिटवी ओरडली.

“टिटिव! हे आभाळ उलटे का पांघरलेस?”

“उलटे?”

“गाठी वर आहेत! गाठ कुठल्या बाजूला लपवतात?”

“आतल्या,” राजा म्हणाला. “जी बाजू दिसायची नसते तिला.”

“मग दिसायची बाजू कोणती? राणी निजून आभाळ पाहायची आणि निजल्या निजल्या वर हात करून शिवायची. ही पाहायची बाजू खालची. फरशीवर अंथरून वरून पाहिलीत, तर डावे ते उजवे झाले की नाही? आभाळाच्या वर बसून आभाळ कोण पाहतो?”

राजाने गोधडी डोक्यावर धरली, तर ती नाकावर आली. पुढे धरली, तर अर्धी लोंबू लागली.

“उभ्याने नाही जमायचे,” टिटवी म्हणाली. “माझ्यासारखा हो.”

राजा थांबला. जिन्यात प्रधान नागदेव उभे होते, त्यांनी सारे ऐकले होते. ते हात जोडून पुढे आले. “महाराज, आपण आडवे झालात तर पहारेकरी धोंडू शंख फुंकील. शंख झाला की गादी रिकामी. पहाटे सभा कुणालाही बसवील. आपण राजे राहणार नाही.”

“नागदेवा,” राजा म्हणाला, “नऊ वर्षे ती मला एवढेच सांगत होती.”

त्याने मुकुट काढून कठड्यावर ठेवला. मग टिटवीशेजारी, खड्यांवर, तो पाठीवर निजला आणि दोन हात व दोन पाय वर करून त्यांवर गोधडी ताणून धरली.

समोरच्या कोपऱ्यातला धोंडू म्हातारा होता. त्याने आयुष्यात एकदाच शंख फुंकला होता. तो रडत रडत म्हणाला, “सरकार, माफ करा,” आणि त्याने शंख ओठांना लावला.

शंखाचा आवाज गावभर गेला. बाजारात लावायला घेतलेला पहिला दिवा तसाच राहिला. चुली विझल्या. बायकांनी वाती काढून घेतल्या. राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही ठिणगी उरली नाही.

गोधडीखाली मात्र उजेड होता. मावळतीचा प्रकाश टाक्यांच्या भोकांतून झिरपत होता. दाभणाच्या भोकांतून मोठे तारे, सुईच्या भोकांतून लहान. राजा पाहतच राहिला. हा मृग, हा व्याध, ही रोहिणी, सगळी आपापल्या जागी, जशी तो रोज रात्री पाहत होता तशी. लाल दोरा खुरापासून निघाला, दोन ताऱ्यांवरून गेला आणि उजवीकडे वळला. दोन लहान तारे. आणि जिथे दोरा संपत होता तिथे कापड विरले नव्हते. राणीने ते बोटाने घासून घासून पातळ केले होते. तिथून प्रकाश ठिपक्यासारखा नाही, धुक्यासारखा येत होता.

“दूध सांडून पुसून घ्यावे,” राजा पुटपुटला, “आणि थोडे राहून जावे, तसा.”

त्याने ऐकले होते तर. नऊ वर्षे कानांवर पडलेले कुठेतरी राहिले होते.

अंधार पडला. राजाने गोधडी छातीवर घेतली आणि तसाच पडून राहिला. प्रधान जिन्यात बसून राहिले, पण या वेळी कंदील नव्हता. दोन घटका गेल्या. बाजारपेठेचा उजेड नव्हता, म्हणून पश्चिमेचा काळोख डोंगरापर्यंत स्वच्छ उतरला होता. पलंगाचे तीन खूर डोंगराआड गेले होते. एकच वर होता.

“घाई कर,” टिटवी म्हणाली.

“उडी मारायची नाही,” राजा म्हणाला.

त्याने हात लांब केला. खुरापासून वर दीड मूठ, वाटेत एक तारा, टोकाला दुसरा. तिथून उजवीकडे तीन बोटे, लहान तारा. आणखी दोन बोटे, अगदी बारीक तारा. त्याच्या पलीकडे एक बोट.

काही नव्हते. राजाने डोळे ताणले. काहीच नव्हते. शेवटचा खूर डोंगराला टेकला.

मग राजाला पंगत आठवली. त्याने नजर त्या बारीक ताऱ्याकडे वळवली, लाडवाकडे वळवावी तशी, आणि लक्ष तिथेच ठेवले, पलीकडे, जिथे ती होती. डोळ्याच्या कडेला काही उजळले. लांबट, मऊ, पांढुरके. लाजऱ्या माणसासारखे दाराशी येऊन उभे राहिले.

राजाने नजर हलवली नाही. बोट केले. ‘हजर व्हा’ म्हणायला तो आता राजा नव्हता.

“लेखा,” तो म्हणाला, “मी गच्चीवर आलो आहे.”

वरून उत्तर आले, “किती हो उशीर.”

आणि राणी पद्मलेखा खाली उतरली. बारीक ताऱ्यावर पाय ठेवला, मग लहान ताऱ्यावर, मग मोठ्या ताऱ्यावरून पलंगाच्या खुरावर, तिथून डोंगराच्या माथ्यावर आणि डोंगरावरून गच्चीवर. तिच्या पदराला थोडा गारवा होता. तिने आडव्या राजाकडे पाहिले, छातीवरच्या गोधडीकडे पाहिले.

“गाठी वर ठेवून वरूनच पाहिलीत ना पहिल्यांदा?”

“वाचस्पतींनी ठेवल्या,” राजा म्हणाला.

“आणि तुम्ही?”

“मीही.”

राणी हसली आणि त्याच्या शेजारी निजली. टिटवी म्हणाली, “सरका जरा. माझे पाय अवघडलेत.” मग तिघेही वर पाहत राहिले. रात्रभर राणी एकेक तारा दाखवीत होती. राजा “हो” म्हणत होता आणि या वेळी पुढचा प्रश्नही विचारत होता.

पहाटे शुक्राची चांदणी उगवली तेव्हा सभा भरली होती. गादी रिकामी होती. प्रधान नागदेवांनी पोथ्या चाळल्या आणि म्हणाले, “रीत एवढेच सांगते, की शंख झाल्यावर पहाटे कुणाला तरी बसवावे. पूर्वी जो बसला होता त्याला बसवू नये, असे कुठे लिहिलेले नाही.” सभेने उदयभानालाच बसवले. त्या राज्यात गादीवर दोनदा बसलेला राजा तोच. धोंडूने शंख पुसून खुंटीला टांगला, या वेळी हसत, आणि घरोघरी दिवे लागले.

शाप सुटला तसा धूम्रकेशाच्या जटांतला धूर संपला. तो मान खाली घालून आला. राणी म्हणाली, “याला शिक्षा नको, काम द्या.” तेव्हापासून दर अमावास्येला तो गावभर फिरून दोन घटकांपुरते दिवे मालवतो. आचारी त्याला वाटेत दूध देतो आणि विचारतो, “बुवा, आज काय घडवलेत?” वाचस्पतीही कानाला मफलर गुंडाळून गच्चीवर येतात आणि पाठ दुखते म्हणत म्हणत आडवे होतात. गादीवर बसणारा प्रत्येक राजा आता आधी एक रात्र आभाळाखाली निजतो, राणीची गोधडी पांघरून, गाठी वर, पाहायची बाजू खाली करून. तीच आता तिथली रीत आहे. आणि उदयभान दर महिन्याला एकदा त्या दुसऱ्या, फिक्या म्हाताऱ्या ठिपक्यालाही हाक मारतो, नुसती विचारपूस म्हणून.

राणी आभाळातून उतरली, पण जिथे ती साडेचार महिने बसली होती ती जागा तिच्या उबेने अजून उजळ आहे. ही कथा अमावास्येला सांगावी, दिवा मालवून सांगावी. सांगणाऱ्याने आडवे व्हावे, ऐकणाऱ्याने शेजारी निजावे. मग पलंगाच्या खुरापासून दीड मूठ जावे, उजवीकडे वळावे आणि त्या पांढुरक्या ठिपक्याकडे अगदी हळूच, डोळ्याच्या कडेने पाहावे.

दिसला, तर शेजारच्याला सांगावे. आणि शेजारच्याने ऐकावे.